उलटी टीप

सगुण मेस्ताच्या मापवहीत पान सत्तेचाळीस :
छाती अठ्ठेचाळीस, मान साडेअठरा,
डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली.
नाव : हेफर्नन, कॉफीवाला.
पुढे शिसपेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह.

मी तेव्हा काजं करणारा पोर, बारा वर्षांचा.
दुकान वास्कोला, स्टेशनासमोर.
कॅसलरॉकची गाडी आली
की आमच्या आरशातला उजेड हलायचा.
त्या हलत्या उजेडातून तो आत आला, वाकून.
दार त्याच्या मापाचं नव्हतं.

कॉफीवाल्याचे कान असे नसतात, मेस्त नंतर म्हणाला.
मुठीत दाबलेल्या कणकेचे गोळे,
नाक दोनदा मोडून दोनदा जोडलेलं,
आणि पाठ अशी की टेप लावायच्या आधीच
सरळ होऊन हुकमाची वाट बघणारी.

आमचं बंदर तेव्हा कुणाच्याच बाजूचं नव्हतं.
तांदूळ मिळत नव्हता. पाण्यात
चौथं वर्ष नांगर टाकून बसलेली जर्मनांची जहाजं.
त्यांचे खलाशी यायचे
सैल होत चाललेल्या पँटी आवळून घ्यायला.
केयतान तारवटी मध्ये बसून बोलणं इकडचं तिकडे करायचा.
म्हणाला, मेस्ता, हा आयरिश.
ह्याचा देशसुद्धा लढाईत नाही.
‘मग हा कशात आहे?’
हा प्रश्न केयताननं पलीकडे नेला
आणि तिथेच राहिला.

कानांचं मात्र त्यानं सांगितलं.
इस्त्रीखाली घ्यायची आमची लांबट उशी उचलली,
भुसा भरलेली, डागाळलेली,
आणि त्याच्या हातांत ती एकदम
कुठल्या तरी ओल्या मैदानावरची झाली.
मला उजवीकडे उभं केलं, केयतानला माझ्या मागे.
नियम एकच :
धावायचं पुढे, द्यायचं मागे.
पुढे फेकलंस तर गुन्हा.
मी धावलो. मशीनवर आपटलो.
उशी मात्र केयतानच्या पोटात बरोबर पोचली.

मेस्त चष्म्यावरून बघत होता.
‘ही तर उलटी टीप,’ म्हणाला.
‘सुई एक घर मागे जाते, शिवण पुढे सरकते.
धावदोरा उसवतो, ही उसवत नाही.’
केयतानला हे नीट सांगता येईना.
मेस्तानं चिंधी घेतली आणि चार टाके घालून दाखवले.
तो गुडघ्यावर बसून बघत राहिला,
चर्चमध्ये बसतात तसा.

देशासाठी खेळलं की तिकडे टोपी देतात म्हणे,
मखमलीची, गोंड्याची.
त्याच्याकडे चार.
‘घालतो कधी?’
कधीच नाही. आई पेटीत ठेवते, कसर लागू नये म्हणून.
कोट राखाडी हवा, अस्तर हिरवं.
बाहेरून दिसता कामा नये.
वास्कोत हिरवं सॅटीन नव्हतं.
मेस्तानं मडगावला माणूस पाठवला, फक्त अस्तरासाठी.
असं त्यानं नवऱ्यामुलांसाठीही केलं नव्हतं.

मंगळवारी ट्रायल ठरली होती.
सोमवारी रात्री इंत्रुजाचे फटाके वाजत होते,
म्हणून पहिला आवाज कुणी धरलाच नाही.
मग आमचा आरसा लाल झाला.
गाडी नव्हती, तरी उजेड हलत होता.
सकाळी बंदराचं पाणी तेलकट,
आणि केयतान काहीच न बोलता बिडीवर बिडी.

तो जहाजावर होता असं मी म्हणत नाही.
कोण होतं, कुणी पाहिलं?
मी इतकंच सांगतो : मंगळवारी ट्रायल होती,
मंगळवारी तो आला नाही.

कच्च्या टाक्यांतला कोट दोन पावसाळे खिळ्यावर होता.
मग मेस्तानं तो पुरा केला, छाती आवळून,
आणि स्वतःच्या पोरीच्या लग्नात घातला.
खांदा मात्र दुरुस्त केला नाही.
पाऊण इंच खालीच ठेवला.
वऱ्हाडी विचारत होते, मेस्ताला वारा गेला की काय?

आता दुकान माझं आहे. रेडीमेडच्या दिवसांत
येतात ते चेन बसवायला, उंची कमी करायला.
कुणाला घाई असली की पोरगा धावदोरा घालू लागतो.
मी म्हणतो, थांब. मागे घे.
त्याला वाटतं, म्हातारा शिवणीचं बोलतोय.